पंधरा आणि पंचाहत्तर: मनाच्या चाचण्यांचे आकडे वाचायचे कसे?

शाळेतून कागद येतो: 'पाल्याचा स्कोअर १२, कृपया समुपदेशकांना भेटावे.' त्याच महिन्यात आजीच्या डिस्चार्ज कार्डावर कोपऱ्यात कुणीतरी लिहिलेलं असतं: '२१/३०'. घरात दोन्ही आकड्यांचा अर्थ मार्कशीटसारखा लावला जातो. मुलाचे बारा म्हणजे कशातले बारा? आणि आजीचे तीसपैकी एकवीस म्हणजे सत्तर टक्के, या वयाला छानच की!

पहिल्या आकड्यात जास्त मार्क म्हणजे जास्त त्रास असतो, दुसऱ्यात कमी मार्क म्हणजे जास्त त्रास. गोंधळ इथूनच सुरू होतो. खरी अडचण मात्र पुढे आहे. हे दोन्ही आकडे निदान नाहीत. ते चाळणीचे आकडे आहेत, आणि चाळणीचं काम वेगळं असतं.

नववीच्या दोन तुकड्या मिळून १०० मुलं घ्या. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार आढळला होता. तेव्हा आपल्या १०० मुलांत ७ जणांना खरोखर त्रास आहे असं धरू. हातातली प्रश्नावली चांगली आहे असंही धरू: त्रास असलेल्यांपैकी ८५ टक्के मुलं ती पकडते आणि त्रास नसलेल्यांपैकी ८५ टक्के मुलांना बरोबर सोडून देते. आता हिशेब करा. ७ पैकी ६ सापडली, एक निसटलं. उरलेल्या ९३ मुलांपैकी १५ टक्के, म्हणजे १४ मुलं, काही नसताना चाळणीत अडकली. एकूण २० घरी कागद गेला, आणि त्यातली १४ मुलं ठीक आहेत.

प्रश्नावली यात कुठेच चुकलेली नाही. धोका दुर्मीळ असला की चांगली चाळणीसुद्धा खोटे इशारे जास्त देते. म्हणून कागद आला की घाबरून मुलाला 'तुला डिप्रेशन आहे' असं सांगायचं नाही, आणि कागद फाडूनही टाकायचा नाही, कारण त्या वीसमध्ये सहा खरी आहेत. पुढची पायरी म्हणजे तासाभराची प्रत्यक्ष मुलाखत. निदान तिथे होतं. शाळा किंवा क्लास नुसती प्रश्नावली भरून घेत असेल आणि पुढे मुलाखतीची सोय करणार नसेल, तर ती उठाठेव न केलेली बरी. त्यातून चौदा घरांत घबराट होते आणि सहा मुलांना हाती काहीच लागत नाही.

आता प्रश्नावली आतून कशी असते ते पाहू. नैराश्यासाठी जगभर मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी म्हणजे पीएचक्यू-९. ती मराठीतही आहे. नऊ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल: कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणा, आणि शेवटी मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येकाला ० ते ३ गुण: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. एकूण २७. पाचपासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र आणि २० पासून तीव्र. बहुतेक ठिकाणी १० ला थांबून पुढची तपासणी करतात. किशोरवयीनांसाठी तिचंच थोडं बदललेलं रूप वापरतात.

दोन जणांना दहा-दहा गुण आले असं समजा. पहिल्याचे झोपेचे ३, थकव्याचे ३, भुकेचे ३, लक्ष लागत नाही याचा १. दुसरीचे उदास वाटण्याचे ३, रस नसण्याचे ३, 'मी कुणाच्या उपयोगाची नाही' याचे ३, आणि मरणाच्या विचाराचा १. बेरीज तीच, पण माणसं पार वेगळी. पहिला कदाचित रात्रपाळी करतो, किंवा त्याचं हिमोग्लोबिन कमी आहे, किंवा थायरॉइड बिघडलंय. नैराश्याचं निदान करायला उदासी आणि रस नसणं या पहिल्या दोनपैकी किमान एक तरी ठळकपणे असावं लागतं, आणि त्याच्याकडे दोन्हीला शून्य आहे. दुसरीला मात्र त्याच दिवशी बसवून बोलायला हवं. म्हणून फक्त बेरीज सांगणारा रिपोर्ट अर्धवट समजावा. कोणत्या प्रश्नाला किती, ते मागून घ्यावं.

पंधराव्या वर्षी उदासी उदास दिसत नाही

किशोरवयात नैराश्य बऱ्याचदा चिडचिडेपणाच्या रूपात येतं. मुलगा रडत नाही, दार आपटतो. मुलगी 'मला वाईट वाटतंय' म्हणत नाही, कथ्थकचा क्लास सोडते, मैत्रिणींच्या ग्रुपमधून बाहेर पडते, डबा तसाच परत आणते. घरचे याला 'वय आहे तसं' म्हणतात आणि बरेचदा ते खरंही असतं. फरक ओळखायच्या तीन खुणा आहेत. बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकलाय का? तो एकाच ठिकाणी आहे की घर, शाळा आणि मित्र अशा सगळीकडे? आणि ज्या गोष्टीत त्याचा जीव अडकलेला असायचा, तीसुद्धा सुटली का? अभ्यासाचा कंटाळा कुणालाही येतो. मैदानावर क्रिकेट खेळायला जायचाही कंटाळा यायला लागला तर लक्ष द्यावं.

मुंबईतल्या मुलांबाबत एक गोष्ट आधी तपासावी: झोप. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. याच वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री अकराच्या आधी झोपच येत नाही. त्यात सकाळी सातची शाळा, संध्याकाळी क्लास, रात्री साडेनऊला घर, मग जेवण आणि मोबाइल. हाती सहा तास उरतात. असं मूल कोणत्याही लक्षाच्या चाचणीत कमी पडणारच. तपासणीच्या आधी दोन आठवडे झोपेची साधी नोंद ठेवा: दिवे कधी मालवले, कधी उठलं, दुपारी किती झोपलं. या एका कागदाने तज्ज्ञाचं अर्धं काम सोपं होतं.

'याला एडीएचडी आहे का बघा' ही मागणी हल्ली वाढली आहे, आणि ती बहुधा दहावीच्या वर्षातच येते. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. त्याच्या निकषांप्रमाणे लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात. पंधराव्या वर्षी अचानक लक्ष लागेनासं झालं तर आधी झोप, उदासी, चिंता, शाळेतला छळ, तंबाखू किंवा व्हेप, डोळ्यांचा नंबर हे सगळं पाहायचं. म्हणूनच तज्ज्ञ दुसरी-तिसरीची जुनी प्रगतिपुस्तकं मागतात. 'बडबड फार करतो, जागेवर बसत नाही' हा बाईंचा आठ वर्षांपूर्वीचा शेरा कधी कधी नव्या प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगून जातो.

शाळांत वापरली जाणारी एसडीक्यू नावाची २५ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे: भावना, वर्तन, चंचलता, मित्रांशी संबंध आणि चांगुलपणा, प्रत्येकी पाच प्रश्न. तिचा खरा उपयोग असा की आई-वडील, शिक्षक आणि ११ वर्षांवरचं मूल स्वतः, तिघेही ती वेगवेगळी भरू शकतात. तिघांची उत्तरं जुळत नाहीत हीच कामाची माहिती असते. वर्तनाचे प्रश्न मोठ्यांना जास्त दिसतात. आतली भीती आणि उदासी मुलालाच माहीत असते. आईने फॉर्म भरताना मुलाच्या खांद्यावरून त्याचा फॉर्म वाचू नये, एवढं पथ्य पुरे.

तीन तासांच्या तपासणीत काय होतं

शिकण्यातली अडचण, बुद्ध्यांक किंवा गुंतागुंतीचा त्रास असेल तर पूर्ण मूल्यमापन होतं. ते एका बैठकीत उरकू नये. साधारण क्रम असा: आधी पालकांशी मुलाच्या जन्मापासूनची हकिगत, मग मुलाशी एकट्याने गप्पा, मग चाचण्या, मग त्या तपासून रिपोर्ट, आणि शेवटी रिपोर्ट समजावून सांगण्याची भेट. ही शेवटची भेट अनेक ठिकाणी गाळली जाते आणि रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पैसे ठरवतानाच ती त्यात धरली आहे का, ते विचारावं.

बुद्ध्यांकाच्या चाचणीत मुलाला शब्दांचे अर्थ विचारतात, ठोकळ्यांनी नक्षी जुळवायला देतात, आकडे ऐकवून परत म्हणायला लावतात: 'तीन, नऊ, सहा' सरळ म्हण, आता उलटं म्हण. आकडे सेकंदाला एक या संथ गतीने, सूर न बदलता वाचायचे असतात. वाचणाऱ्याने फोन नंबरसारखे जोडीने म्हटले तर मुलाला आयती मदत होते आणि गुण फुगतात. शेजारच्या खोलीत ड्रिल चालू असेल तर तेच गुण घसरतात. इतक्या बारीक गोष्टींवर आकडा हलतो, म्हणूनच चांगल्या रिपोर्टमध्ये 'बुद्ध्यांक ९४' असा एकच आकडा नसतो. 'खरा आकडा बहुधा ८९ ते ९९ च्या दरम्यान' असा पट्टा दिलेला असतो.

सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ मध्ये बसतात. हे १०० कुणाच्या तुलनेत? इथे महाराष्ट्राचा इतिहास येतो. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धी-चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी केलेलं रूपांतर १९३४ मधलं. बिने-कामत म्हणून ती आजही वापरात आहे. मालिन यांची मिसिक नावाची चाचणी नागपूरची, १९६९ ची. दोन्ही कामं त्या काळी मोठी होती. पण जगभर दिसलेली गोष्ट अशी की पिढी दर पिढी मुलं या चाचण्यांत जास्त गुण मिळवत जातात. त्यामुळे जुन्या तुलनेवर आजच्या मुलाचा आकडा असायला हवा त्यापेक्षा वर दिसतो. मूल नव्या चाचणीत ८८ आणि जुन्या चाचणीत १०० आलं तर हुशारी बदललेली नसते, फूटपट्टी बदललेली असते. रिपोर्टवर चाचणीचं नाव आणि आवृत्ती लिहिलेली हवी ती यासाठी.

भाषेचाही प्रश्न आहेच. घरी मराठी, शाळा इंग्रजी, वर्गात मित्रांशी हिंदी. अशा मुलाला फक्त इंग्रजीत शब्दांचे अर्थ विचारले तर मोजलं जातं ते इंग्रजी. चाचणी कोणत्या भाषेत हवी, हे मुलालाच विचारायचं असतं. उत्तर कोणत्या भाषेत दिलं, तेही नोंदवायचं असतं.

दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती हव्या असतील तर खासगी रिपोर्ट सहसा पुरत नाही, सरकारमान्य केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत यासाठी सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम आणि नायर ही नावं पालकांना माहीत असतात. यात खेपा बऱ्याच होतात: डोळे आणि कान तपासणं, बालरोग, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. दहावीच्या दिवाळीत धावपळ करण्यापेक्षा आठवीतच नाव घालावं. शाळेच्या वह्या सोबत न्याव्यात, कोऱ्या करकरीत नव्हे, चुकांनी भरलेल्या. आईने घरी बसवून पुन्हा नीट लिहून घेतलेल्या वह्या घेऊन येणारे पालक कमी नाहीत.

आजीचे एकवीस

आता दुसरा कागद. तीसपैकी गुण देणारी जुनी आणि प्रसिद्ध चाचणी म्हणजे १९७५ ची एमएमएसई. तिची रचना अशी: आजचा दिवस, तारीख, महिना, साल, ऋतू आणि आपण कुठे आहोत याचे १० गुण. तीन शब्द ऐकून म्हणण्याचे ३. शंभरातून सात-सात वजा करत जाण्याचे ५ (९३, ८६, ७९, ७२, ६५). मघाचे तीन शब्द पुन्हा आठवण्याचे ३. वस्तू ओळखणं, वाक्य म्हणणं, तीन पायऱ्यांची सूचना पाळणं, वाचणं, लिहिणं यांचे मिळून ८. आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढण्याचा १. सहसा २४ च्या खाली गेलं की शंका घेतात.

रत्नागिरीहून लग्न होऊन लालबागला आलेल्या, दुसरीत शाळा सुटलेल्या आजीला ही चाचणी द्या. वजाबाकीचे ५ गेले. वाचण्याचा १, वाक्य लिहिण्याचा १, पंचकोनाचा १ गेला. काहीही आजार नसताना ती २२ वर आली. तारीख विचारली तर ती 'आज संकष्टी' म्हणते. तिथी बरोबर असते, पण तक्त्यात त्याला गुण नाही. हे ओळखूनच १९९५ मध्ये हिंदीभाषक, निरक्षर ज्येष्ठांसाठी वेगळी चाचणी तयार झाली. तिच्यात वारांची नावं उलटी म्हणायला सांगतात, आणि 'डोळे मिटा' हे वाचायला देण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटून 'मी करतो तसं करा' म्हणतो. शिक्षण लक्षात घेऊन सुधारलेल्या बाकीच्या चाचण्याही आहेत. २००५ ची मोका चाचणी १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक गुण वाढवून देते. दुसरीपर्यंतच्या शिक्षणाला एक गुण म्हणजे फारच थोडा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त निसटतं. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले आजोबा २८ घेतात, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच महिन्यात ते एकच चेक दोनदा लिहून देतात. शिकलेला मेंदू अशा चाचण्या बराच काळ निभावून नेतो. म्हणून तज्ज्ञ घरच्या माणसाला वेगळं बसवून विचारतात: दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत काय बदललं? हा प्रश्न अक्षरओळखीवर अवलंबून नाही. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, नाव ओठावर असून न सुचणं, हे वयाचं. चाळीस वर्षं डोळे मिटून पुरण शिजवणाऱ्या बाईला डाळ शिजली, आता गूळ कधी घालायचा हा क्रमच न सुचणं, हे वेगळं. तसंच ठाण्याला उतरायचं असताना डोंबिवलीला पोहोचणं वेगळं, आणि डोंबिवलीला उतरून आता घरी कसं जायचं हेच न कळणं वेगळं.

चाचणीच्या दिवशी कानाचं यंत्र घरी राहिलं तरी गुण पडतात. आजोबांना शब्द ऐकूच आला नाही तर आठवणार कुठून? मोतीबिंदू, न झालेली झोप, सकाळी चुकलेली साखरेची गोळी, रिक्षाने आणि मग ओपीडीच्या रांगेत गेलेले तीन तास, या सगळ्याचे गुण त्या एकवीसमधून वजा झालेले असतात.

ज्येष्ठांच्या उदासीसाठी जीडीएस नावाची वेगळी प्रश्नावली आहे, १५ प्रश्न, फक्त हो किंवा नाही. पाचाच्या वर गेलं की पुढे बघायचं. झोप, भूक यांबद्दल ती मुद्दाम विचारत नाही, कारण त्या तक्रारी वयाबरोबर येतातच. तरी तीसुद्धा डोकं बाजूला ठेवून वापरता येत नाही. 'बाहेर पडण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का?' असा एक प्रश्न तिच्यात आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारी, गुडघे गेलेली बाई 'हो' म्हणणारच. तो गुण गुडघ्यांचा आहे. मग विचारायचं: 'जिना नसता तर गेला असतात का?' डोळे चमकले आणि 'हो, देवळात गेले असते' म्हणाल्या तर एक अर्थ. 'कशाला जायचं आता' म्हणाल्या तर दुसरा.

तीन सारखे दिसणारे त्रास

म्हाताऱ्या माणसाचं 'डोकं चालत नाहीसं' झालं की घरचे थेट स्मृतिभ्रंशावर येतात. भारतात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. संख्या मोठीच आहे. तरी त्याच्यासारखे दिसणारे दोन त्रास आधी वगळावे लागतात, कारण ते बरे होतात.

पहिला डेलिरियम, म्हणजे भ्रम. तो तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो. काल पेपर वाचणारे आजोबा आज मुलाला ओळखत नाहीत, संध्याकाळी जास्त बरळतात, मध्येच शुद्धीवर असल्यासारखे बोलतात. कधी बरळत नाहीत, नुसते सुस्त पडून राहतात, आणि हा प्रकार 'थकलेत' म्हणून सुटून जातो. कारण सहसा शरीरात असतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू झालेली झोपेची किंवा सर्दीची गोळी. हा आणीबाणीचा प्रसंग आहे. अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. अशा अवस्थेत स्मरणशक्तीची चाचणी घेतली तर तिला काडीची किंमत नाही.

दुसरा त्रास नैराश्याचा. तो आठवड्यांत येतो आणि घरच्यांना सुरुवात साधारण सांगता येते: 'हे गेल्यापासून', 'घर बदलल्यापासून'. अशा माणसाला प्रश्न विचारला की तो प्रयत्नच सोडतो, 'मला नाही माहीत, काही लक्षात राहत नाही हो' असं स्वतःहून सांगतो. स्मृतिभ्रंश असलेला माणूस उलट उत्तर देतो, चुकीचं पण ठासून देतो, आणि 'मला काय धाड भरलीय' म्हणतो. तक्रार कोण घेऊन आलंय, स्वतः की मुलगी, हे पाहूनही तज्ज्ञांना पुष्कळ कळतं. हा नियम पक्का नाही, दोन्ही त्रास एकत्रही असतात आणि म्हातारपणी पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असतं. म्हणून उदासीवर उपचार करून काही महिन्यांनी चाचणी पुन्हा घेतात.

दोन्हींच्या आधी रक्ततपासणी: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सोडियम, बी-१२. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि ती स्मरणावर, पायांच्या मुंग्यांवर आणि मनावर, तिन्हींवर दिसते.

नववा प्रश्न

पीएचक्यू-९ मधला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. 'विचारलं तर तसा विचार आपणच डोक्यात घालू' ही भीती पालकांत फार आहे. विचारल्याने विचार येत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. उलट कुणीतरी विचारलं याचा आधार वाटतो. सरळ शब्दांत विचारावं: 'जगू नये असं वाटतं का?' 'कधीकधी' असं उत्तर आलं तर पुढचं विचारावं: काही ठरवलंय का, कधी, कसं? याआधी कधी केलंय का? ठरवलंय असं कळलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, औषधांचे साठे, कीटकनाशक आवाक्याबाहेर ठेवायचं, आणि कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यायचं. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. म्हाताऱ्यांच्या 'आता देवाने न्यावं' या वाक्याला आपण मान डोलावतो. ते कधी नुसतं बोलणं असतं, कधी नसतं. तिथेही पुढचे तेच प्रश्न विचारायचे.

प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून लपवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं. 'चुकून जास्त गोळ्या खाल्ल्या' असं सांगितलं की पोट धुऊन घरी पाठवतात आणि मनाकडे कुणी बघतच नाही.

कुणाकडे जायचं, काय न्यायचं

मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात, औषध देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतात, औषध देत नाहीत, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. रिपोर्टवर सहीखाली तो नोंदणी क्रमांक हवा. समुपदेशक ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं, त्यामुळे शिक्षण विचारण्यात संकोच नको. केईएम, सायन, नायर, कूपर आणि जेजे इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. कोणत्या दिवशी मुलांची, कोणत्या दिवशी ज्येष्ठांची, हे आधी फोन करून विचारावं, नाहीतर खेप वाया जाते.

गुप्ततेबद्दल पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून घ्यावं. १८ वर्षांखाली संमती पालकांची लागते, पण मूल तज्ज्ञाला जे सांगतं ते सगळं पालकांना कळवलं जात नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल तर कळवतात, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक असतं. हे मुलालाही आधीच सांगितलं जातं. बाहेर आल्यावर 'काय विचारलं रे?' असा जाब घेतला की पुढच्या वेळी ते तोंड उघडत नाही. आजीच्या बाबतीत उलटी चूक होते: सगळे प्रश्न मुलगा-सून मिळून उत्तरतात, आणि ज्यांची तपासणी आहे त्या मध्ये गप्प बसलेल्या असतात.

पिशवीत काय असावं: चष्मा, कानाचं यंत्र आणि त्याची जादा बॅटरी, जुने रिपोर्ट, झोपेची नोंद, मुलाची जुनी प्रगतिपुस्तकं आणि वह्या. ज्येष्ठांची सगळी औषधं प्रिस्क्रिप्शनच्या रूपात नकोत, प्रत्यक्ष पट्ट्या न्याव्यात. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, शेजारणीने दिलेली झोपेची गोळी, सगळं. वेळ शक्यतो सकाळची घ्यावी, नाश्ता करून आणि नेहमीच्या गोळ्या घेऊन जावं, सोबत पाणी आणि थोडं खाणं असावं. चाचणीची 'प्रॅक्टिस' करून घेऊ नये. यूट्यूबवर घड्याळ काढायची चाचणी पाहून आजोबांकडून आठवडाभर घड्याळं काढून घेणाऱ्या घरांत खरी अडचण आणखी वर्षभर लपून राहते. त्याच कारणाने बुद्ध्यांकाची चाचणी सहसा वर्षाच्या आत पुन्हा घेत नाहीत. कुणी दुसऱ्या मतासाठी लगेच पुन्हा घ्यायला निघालं असेल, तर पहिला रिपोर्ट सोबत न्यावा आणि कोणती चाचणी कोणत्या तारखेला झाली ते आधीच सांगावं.